मी, आणि तो मी नव्हेच

आमच्या घरी आचार्य अत्रे दिवाळीच्या फराळाला यायचे. म्हणजे आजोबांच्या अंगात यायचे.

आजोबा गिरगावातल्या चाळीत वाढलेले आणि एका कचेरीत उभा जन्म कारकुनी केलेले गृहस्थ. बोलणं इतकं हळू, की भाजीवालाही दोनदा 'काय म्हणालात?' असं विचारायचा. बसमध्ये कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच 'सॉरी' म्हणायचे. पण चकल्यांचं ताट फिरून झालं, चहा आला, की धाकटी आत्या हळूच म्हणायची, "अण्णा, अत्रे करा ना." आधी नको नको. मग चष्मा काढून आजीच्या हातात. मग उभे राहायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. मला सगळ्यात आवडायचा तो हाच भाग. एक हात जरा पुढे, मान किंचित तिरकी, आणि समोर बसलेल्या आम्हा दहा-बारा जणांकडे असं बघणं, की आम्ही जणू शिवाजी पार्कवर जमलेला लाखाचा समुदाय आहोत. शेजारच्या खोलीतला रेडिओसुद्धा कुणीतरी बारीक केलाय असं वाटायचं. आणि मग एकदम तो आवाज यायचा: "गेल्या दहा हजार वर्षांत..."

पुढचं वाक्य दर वर्षी वेगळं. एकदा माझ्या चुलतभावाचे गणितातले मार्क गेल्या दहा हजार वर्षांत कुणाला पडले नव्हते, एकदा आजीच्या फसलेल्या अनारशांसारखे अनारसे त्या काळात झाले नव्हते. आम्ही पोट धरून हसायचो. आजोबा खाली बसायचे, चष्मा घालायचे, आणि पुन्हा तेच ऐकू न येणारे आजोबा व्हायचे.

सातवी-आठवीत जाईपर्यंत मला वाटत होतं, की अत्रे हे आजोबांनीच रचलेलं पात्र आहे. पुढे कळलं, की माणूस खरा होता. त्याहून पुढे, बरंच वाचल्यावर, वाटायला लागलं की माझा पहिला समज अगदीच चुकीचा नव्हता. अत्रे हे रचलेलं पात्र होतंच, फक्त ते आजोबांनी रचलेलं नव्हतं.

प्रल्हाद केशव अत्रे. जन्म १८९८चा, सासवडजवळच्या कोडीतचा. शिक्षक, मुख्याध्यापक, कवी, विडंबनकार, नाटककार, चित्रपट काढणारे, क्रमिक पुस्तकं लिहिणारे, साप्ताहिक आणि दैनिक चालवणारे, सभा गाजवणारे, आमदार. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट कायम होती, ती म्हणजे 'मी'. आत्मकथनाचं नाव 'मी कसा झालो'. ते पुरलं नाही म्हणून 'कऱ्हेचे पाणी' हे खंडांमागून खंडांचं आत्मचरित्र. निवडणुकांची टर उडवणारं नाटक लिहिलं, त्याचं नाव 'मी उभा आहे'. आणि ज्या नाटकानं त्यांचं नाव आजच्या पोरांपर्यंत पोचवलं, त्याचं नाव काय, तर 'तो मी नव्हेच'. जन्मभर 'मी मी' म्हटलेल्या माणसाचं सर्वांत गाजलेलं नाटक स्वतःला नाकारणाऱ्या माणसावर असावं, याची मला फार दिवस नुसतीच गंमत वाटायची. आता ती नुसती गंमत वाटत नाही.

आधी त्या दहा हजार वर्षांचा निकाल लावू. माणसाला लिहिता यायला लागून पाच-साडेपाच हजार वर्षं झाली असतील. त्याआधीच्या साडेचार हजारांचा हिशेब अत्र्यांनी कुठून काढला? अर्थात हा प्रश्न विचारणाऱ्याला अत्रे कळलेच नाहीत. या वाक्प्रयोगातली खरी मजा अशी, की अत्रे तो फक्त स्वतःसाठी राखून ठेवत नसत. ज्याच्यावर प्रेम केलं तोही दहा हजार वर्षांत झाला नव्हता, आणि ज्याला झोडपायला घेतलं तोही. लोक त्यांना अहंकारी म्हणतात ते मान्यच आहे, पण साधा अहंकारी माणूस जगातली सगळी मोठी विशेषणं आपल्या घरात कोंडून ठेवतो. अत्र्यांनी ती वाटून टाकली. त्यांच्या जगात सगळंच मोठ्या मापाचं होतं. संत मोठे, हरामखोर मोठे, त्यात त्यांचा 'मी'ही मोठा. माप एकच.

नाटककाराच्या अहंकाराबद्दल माझी एक समजूत आहे. ती स्वानुभवातून आली आहे, आणि अनुभव फार थोर नाही. कॉलेजात असताना मी एक एकांकिका लिहिली होती. स्पर्धेत ती झाली. प्रयोगभर मी शेवटच्या रांगेमागे, दाराजवळच्या अंधारात उभी होते. कुठे हसतात ते बोटांवर मोजत होते. अकरा ठिकाणी हसतील असा माझा अंदाज होता. चार ठिकाणी हसले, त्यातल्या एका ठिकाणी नटाचं धोतर सुटलं म्हणून. प्रयोग संपल्यावर मी बाहेर येऊन एका खांबाआड उभी राहिले. कुणी लिहिलं म्हणून विचारतील, कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवेल, आणि मी मग लाजेन, असा बेत होता. लोक बाहेर आले आणि वडापावच्या गाडीकडे गेले. नटांना मात्र मिठ्या पडत होत्या. धोतर सुटलेल्याला तर जास्तच.

कादंबरीकाराला वाचक दिसत नाही, त्यामुळे वाचक मंत्रमुग्ध होऊन वाचतोय असं तो खुशाल समजू शकतो. नाटककाराला ती सोय नाही. आपल्या वाक्याला हशा आला की नाही हे त्याला त्याच क्षणी, त्याच कानांनी ऐकावं लागतं. आणि आला, तरी तो त्याला मिळत नाही, नटाला मिळतो. लिहिलं आपण, टाळी दुसऱ्याला, असा हा धंदा आहे. काही नाटककार त्यावर आतल्या आत कुढतात, काही तालमीत नटांना छळतात. काही जण आडोसाच पसंत करतात. राम गणेश गडकऱ्यांकडे बघा. कविता लिहिताना गोविंदाग्रज, विनोद लिहिताना बाळकराम. त्यांना अत्रे गुरू मानायचे, भाषेची ती उधळण, तो कोट्यांचा पाऊस तिथूनच उचललेला. आडोशाची सवय मात्र उचलली नाही. कविता करताना 'केशवकुमार' हे नाव घेतलं खरं, पण ते नाव पांघरून लपायला नव्हतं, खोड्या काढायला होतं.

अत्र्यांनी काय केलं? त्यांनी स्वतःसाठीच एक भूमिका लिहिली. विंगेत उभं राहून दुसऱ्याला मिळणारी टाळी मोजण्यापेक्षा, रंगमंचाला लागून सभेचं व्यासपीठ होतंच, तिथे ते स्वतः चढले.

याला मराठीत वाट आधीपासून होती, हेही खरं. आपल्याकडे नाटककार हा खोलीत बसून लिहिणारा माणूस फारसा नव्हताच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 'केसरी'त अग्रलेख लिहीत होते आणि 'कीचकवध' नाटकात व्हाइसरॉय कर्झनला कीचक करत होते. सरकारला ते समजलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. पुढे त्यांनी 'नवाकाळ' काढलं. नाटक आणि वर्तमानपत्र एकाच दौतीतून लिहिण्याची ती परंपराच. पण खाडिलकर पौराणिक वेशाच्या मागे राहून बोलत. अग्रलेखातही आपल्याकडे 'आम्ही' लिहायची रीत. अत्र्यांनीही 'आम्ही' लिहिलं असेल नसेल, वाचताना मात्र कानात 'मी'च वाजतो.

बरं, हा 'मी' नुसत्या तोंडावर उभा नव्हता, हे विसरलं जातं. १९३०च्या आगेमागे मराठी संगीत नाटकाची अवस्था काय होती? बोलपट आले, 'अयोध्येचा राजा' १९३२ला पडद्यावर मराठी बोलू लागला, आणि नाटक कंपन्यांचे पडदे एकेक करून गुंडाळले जाऊ लागले. जे प्रेक्षक पहाटेपर्यंत पदांना वन्समोअर देत बसायचे ते तीन तासांत सिनेमा बघून घरी जायला लागले. अशा वेळी बालमोहन नाटक मंडळींसाठी अत्र्यांनी १९३३ला 'साष्टांग नमस्कार' लिहिलं. एका रावबहादुरांना सूर्यनमस्काराचं वेड, आणि त्यांच्या अवतीभवती प्रत्येकाला कसलं ना कसलं खूळ. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मग १९३४ला 'घराबाहेर', पुढच्या वर्षी 'भ्रमाचा भोपळा', १९३६ला 'लग्नाची बेडी' आणि 'उद्याचा संसार'. बुडत्या धंद्यात हा माणूस वर्षाला एक नाटक चालवून दाखवत होता, आणि त्यात नुसते फार्स नव्हते. 'घराबाहेर' आणि 'उद्याचा संसार'मध्ये संसारात घुसमटलेल्या बाईकडे त्यांनी ज्या गंभीरपणे पाहिलंय, ते वाचून 'पुरुषी अहंकार' हा शब्द त्यांच्यासाठी वापरताना मी दोनदा थांबते. हे सगळं कंपनीच्या मालकाच्या गल्ल्यात खणखणत होतं, त्यामुळे लेखकाच्या आवाजातही खणखणाट आला असेल तर नवल नाही.

पण मला सगळ्यात कुतूहल आहे ते एका विसंगतीचं. अत्र्यांचा सगळा विनोद दुसऱ्याच्या फुगलेल्या 'मी'ला टाचणी लावण्यावर चालतो. सुरुवातच 'झेंडूची फुले'पासून. १९२०च्या दशकात पुण्यातले रविकिरण मंडळाचे कवी प्रेम, विरह आणि अश्रू फार मनावर घेऊन लिहीत होते, आणि गाऊनही दाखवत होते. केशवकुमारांनी त्यांच्याच छंदात, त्यांच्याच शब्दकळेत असं काही लिहिलं की मूळ कविता वाचताना हसू यावं. विडंबन सगळेच करतात, पण एवढ्या अचूकपणे विडंबन करायला समोरच्याचा आव अगदी आतून कळावा लागतो. तो कुठे श्वास घेतो, कुठे डोळे मिटतो, स्वतःवर कुठे खूश होतो. 'साष्टांग नमस्कार'मधला रावबहादूरही तोच प्रकार. भ्रमाचा भोपळा तर नावातच.

मग ज्याला दुसऱ्याचा आव एवढा दिसत होता त्याला स्वतःचा दिसत नव्हता, असं मानायचं? मला ते पटत नाही. मला वाटतं, दिसत होता, आणि त्याची त्यांना मजा येत होती. 'गेल्या दहा हजार वर्षांत' हे वाक्य कुणी गंभीर चेहऱ्यानं दुसऱ्यांदा म्हणू शकत नाही. दुसऱ्यांदा म्हणताना म्हणणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात एक करार झालेला असतो: तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, आता टाळी दे. नटाच्या एंट्रीला ठरलेलं पद वाजतं ना, तसं.

एक कोंबड्याची गोष्ट सांगतात. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत एका खेड्यात कुणा शेतकऱ्यानं अत्र्यांना विचारलं, की विधानसभेत तिकडचे एवढे, तुम्ही आपले एकटे, कसा निभाव लागणार? अत्र्यांनी समोरच्या अंगणाकडे बोट करून विचारलं, "तुझ्याकडे कोंबड्या किती?" तो म्हणाला, अमुक इतक्या. "आणि कोंबडा?" "एकच." पुढचं त्यांनी काही सांगितलं नाही म्हणे. ही गोष्ट मी निदान सहा जणांकडून ऐकली आहे आणि प्रत्येकाचं गाव वेगळं, कोंबड्यांची संख्या वेगळी. पाचवेळा तरी सांगणाऱ्याचा काका त्या वेळी तिथे हजर होता. बिरबलाच्या नावावर जशा गोष्टी चिकटतात तशा या. गोष्ट आज ऐकताना बायकांनी हसावं अशी नाही, ते सोडा. मुद्दा असा, की लेखकाबद्दल लोकांनी अशा गोष्टी रचणं हे मराठीत कितीजणांच्या वाट्याला आलं? लोक गोष्टी पात्राबद्दल रचतात.

आणि त्या पात्राची त्या काळात गरज होती, हे मला आजोबांकडून कळलं, पुस्तकांतून नाही. १९५५च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा आजोबा विशीत होते, कचेरीतून चालत घरी आले होते. पुढच्या जानेवारीत पुन्हा गोळ्या. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं सांगणारी माणसं मोठ्या खुर्च्यांवर होती. "त्यांचा आवाज शांत असायचा," आजोबा सांगायचे, "आणि आमचा निघतच नव्हता." १५ नोव्हेंबर १९५६ला अत्र्यांनी 'मराठा' हे दैनिक सुरू केलं. आजोबांच्या चाळीत एक अंक यायचा आणि तो जिन्यात मोठ्यानं वाचला जायचा. मोरारजी देसाई, स. का. पाटील ही तेव्हाची बलाढ्य नावं. अत्रे सदाशिव कानोजी पाटलांना 'सदोबा' म्हणायचे. एवढंच. पण ज्या माणसाची धास्ती वाटते त्याला घरगुती नावानं हाक मारली की काय होतं, ते चाळीतल्या कारकुनांना जिन्यात उभ्या उभ्या कळलं. अत्रे १९५७ला विधानसभेत निवडून गेले, १९६०ला महाराष्ट्र झाला. यात १०६ हुतात्म्यांचं रक्त आहे, एस. एम. जोशी, डांगे, शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, किती नावं आहेत. अत्र्यांनी एकट्यानं काही केलं नाही. पण मोठ्या आवाजातला 'मी' कसा असतो हे ज्यांना कधी माहीत नव्हतं त्यांना तो वापरायला मिळाला. आजोबांनी तर तो शब्दशः वापरला.

ते असं. चाळीच्या मालकानं एकदा उन्हाळ्यात पाण्याचं काहीतरी निमित्त करून नळ तोडले. भाडेकरूंची बैठक झाली, मालक आला, सगळे गप्प. आजी सांगायची, हे अचानक उठले, चष्मा काढून माझ्याकडे दिला, आणि अत्रे झाले. थट्टेचे नव्हेत. पाच मिनिटं त्या आवाजात बोलले. मालक म्हणे आधी हसला, मग हसायचा थांबला. नळ तिसऱ्या दिवशी जोडले गेले. आजोबांना याबद्दल विचारलं की ते लाजायचे. "मी कुठे बोललो," म्हणायचे.

आता वाईट भागही बोलायला हवा. तो टाळून अत्र्यांवर लिहिणारे भक्त पुष्कळ आहेत.

भूमिका खूप दिवस चालली की नट घरीही त्याच आवाजात बोलायला लागतो. अत्र्यांचे वाद वाचताना मला हे जाणवतं. कादंबरीकार ना. सी. फडक्यांशी त्यांचं जे हाडवैर चाललं ते सुरुवातीला खुसखुशीत आहे. एकीकडे तंत्राचे, टापटिपीचे, इस्त्रीच्या घडीचे फडके, दुसरीकडे हा दणकट गडगडाट, त्यामुळे वाचकांची चंगळच. पण पुढे पुढे त्यात गंमत कमी आणि चिखल जास्त. कुणाच्या दिसण्यावर, कुणाच्या घरातल्या गोष्टींवर जाणं, एकदा पकडलेल्या माणसाला महिनोन्‌महिने न सोडणं. ही पानं मी वाचायला घेतली आणि मिटून ठेवली. रावबहादुरांच्या वेडाला हसताना कुणाला लागत नाही, कारण पडदा पडल्यावर रावबहादूर रंग पुसून घरी जातो. वर्तमानपत्रात ज्याला पात्र केलं त्याला रंग पुसता येत नाही. तो दुसऱ्या दिवशी भाजी आणायला बाहेर पडतो आणि लोक त्याच्याकडे बघून हसतात. हा फरक अत्र्यांसारख्या नाटककाराला कळला नसेल असं नाही. टाळीच्या नादात त्यांनी तो बाजूला ठेवला, असं माझं मत. आणि टाळी देणारेही निर्दोष नव्हते. चाळीच्या जिन्यात तेही मोठ्यानंच वाचलं जायचं.

याच 'मराठा'त काही काळ विजय तेंडुलकरही काम करत होते. हळू बोलणारे, कमी बोलणारे. त्यांनी रंगभूमीवर जी वादळं उठवली ती अत्र्यांपेक्षा कमी नाहीत, पण वादळ नाटकात आणि माणूस शांत. अत्र्यांचं उलट. त्यांची नाटकं आज बघताना आटोपशीर, हिशेबी, घड्याळासारखी चालणारी वाटतात. वादळ बाहेर होतं.

तो हिशेबीपणा बघायचा तर 'तो मी नव्हेच' बघावं. १९६२चं नाटक, पहिला प्रयोग दिल्लीला, फिरता रंगमंच, मुख्य भूमिकेत प्रभाकर पणशीकर. खऱ्या खटल्यावरून सुचलेली गोष्ट. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवणारा लखोबा लोखंडे, वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वेषांत बायकांना फसवत गेलेला, आता कोर्टात उभा आहे. साक्षीदार येतात, बोट दाखवून सांगतात की हाच तो. आणि हा कानडी हेलाच्या मराठीत शांतपणे सांगतो की तो मी नव्हेच. वकील घेत नाही. उलटतपासणी स्वतः करतो. रंगमंच फिरतो, कोर्ट जातं, दिवाणखाना येतो, तोच माणूस कॅप्टन असतो. पुन्हा फिरतो, राधेश्याम महाराज असतो.

मी हे नाटक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोशाखबदल बघत बसले होते, सगळे बघतात तसे. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा लखोबाकडे पाहिलं. त्याची कला कशात आहे? वेष साधेच आहेत. टोपी, फेटा, गणवेश, कफनी. तो समोरच्या कुटुंबाला कोणता माणूस हवाय ते ओळखतो आणि तेवढ्याच आकाराचा होऊन त्यांच्या दारात उभा राहतो. एकदाही चाचरत नाही. असा माणूस लिहायला फक्त कोर्टाचे कागद वाचून भागत नाही. आवाज बदलला की माणसं कशी विरघळतात, हजारोंच्या सभेत कोणत्या शब्दाला काय उसळतं, स्वतःची एक मोठी प्रतिमा खांद्यावर घेऊन वर्षानुवर्षं चालताना आतल्या माणसाचं काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच लखोबा लिहिता येतो. अत्रे फसवे होते असं मी म्हणत नाही. लखोबा पैशासाठी आणि बायांसाठी माणसं उभी करत होता. पण माणूस 'उभा' कसा करायचा, त्याची कृती दोघांना माहीत होती, आणि त्यातल्या एकानं चौसष्टाव्या वर्षी दुसऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात घालून ती कृती सगळ्यांसमोर उघडी केली. स्वतःच्या थोरवीत खरोखर बुडालेला माणूस हे करत नाही.

आतला माणूस कोण होता, हे शोधायला मी आत्मचरित्राकडे जात नाही. आत्मचरित्र हा त्यांचा सर्वांत मोठा प्रयोग आहे, तिथे दिवे फार. मी 'आजीचे घड्याळ'कडे जाते. आजीजवळ एक घड्याळ आहे, ते दिसत नाही, त्याची टिकटिक ऐकू येत नाही, पण उन्हावरून, सावलीवरून, कोंबड्याच्या आरवण्यावरून ती सगळ्यांच्या वेळा बरोब्बर सांभाळते. कवितेतला मुलगा ते घड्याळ शोधतोय. त्या कवितेत टाळीसाठी एकही ओळ नाही. किंवा 'श्यामची आई'. साने गुरुजींवर अत्र्यांचा जीव होता. १९५३चा तो चित्रपट, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तो बघताना दिग्दर्शक कुठेही 'मी इथे आहे' म्हणत नाही. डिसेंबर १९५६मध्ये बाबासाहेबांना दादरच्या चौपाटीवर निरोप देताना त्या अफाट समुदायापुढे अत्रे बोलले, तेव्हा तोच आवाज होता, तीच अतिशयोक्ती होती, आणि ती तिथे अतिशयोक्ती वाटली नाही. त्यांचे मृत्युलेख वाचावेत. दुसऱ्याचं मोठेपण सांगायला लागले की हा माणूस स्वतःला विसरून रडतो.

"तेही नाटक नसेल कशावरून?" असं मी एकदा आजोबांना विचारलं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, सगळ्यात खोट काढायचं वय. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असेल. पण आम्ही रडलो ते खरं होतं." थोड्या वेळानं, चष्मा पुसत, "तू एकांकिका लिहिलीस तेव्हा खांबाआड उभी होतीस ना? आम्ही आलो होतो. मी बघितलं तुला. हाक मारणार होतो. पण आवाज नाही निघाला."

मला ते माहीतच नव्हतं. आजही त्या खांबाची आठवण आली की मी आधी स्वतःला बघते आणि मग, गर्दीत, वडापावच्या गाडीच्या अलीकडे, तोंड उघडून थांबलेल्या आजोबांना.

शेवटची काही वर्षं आजोबांना नावं आठवायची नाहीत. आजी गेली होती. चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता आणि ते आमच्याकडे राहायला आले होते. एका दिवाळीत, फराळ झाला, चहा आला, आणि आत्या सवयीनं बोलून गेली, "अण्णा, अत्रे करा ना." आम्ही तिच्याकडे डोळे वटारले. पण आजोबा उठायला लागले. बाबांनी हात दिला. त्यांनी चष्मा काढला आणि बाजूच्या खुर्चीच्या दिशेनं धरला. तिथे कुणी नव्हतं, मी पुढे होऊन तो घेतला. मग एक हात जरा पुढे. मान किंचित तिरकी. समोर बघणं तेच, लाखाचा समुदाय.

आम्ही वाट पाहत राहिलो. ते बघत राहिले. धाकट्या भावाची मुलगी हसली नाही, हलली नाही. कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि लगेच बंद झाला. दहा हजार वर्षं काही आली नाहीत.

मग ते हळूच खाली बसले. माझ्याकडून चष्मा घेतला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, अण्णा," आत्या म्हणाली. "छान झालं."

त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं आणि अगदी त्यांच्या त्या ऐकू न येणाऱ्या आवाजात म्हणाले, "मग टाळ्या?"